उदगीरचे काचप्पा

"काच द्या" म्हणून दुकानात शिरलेल्या माणसाला आप्पांनी लगेच काच दिली, असं मी कधी पाहिलं नाही. आधी ते त्याला बसवायचे, पाणी विचारायचे आणि मग सुरू करायचे.

"आत काय हाय?"

"आत म्हणजे?"

"ज्याला ही काच लावणार त्याच्या पोटात. पाणी हाय, तेल हाय, आग हाय का वाफ हाय?"

त्यानंतर किती तापतं, दाब किती, आतून काही घासतं का, धुता कशानं, असं एकेक करत जायचं. गिऱ्हाईक वैतागायचं. लांबी-रुंदी लिहिलेली चिठ्ठी पुन्हा पुन्हा पुढं करायचं. आप्पा ती चिठ्ठी हातातसुद्धा घ्यायचे नाहीत. शेवटचा प्रश्न ठरलेला असायचा.

"काच फुटली तर समोर कोण उभा असतो?"

"ऑपरेटर असतो की."

"नाव काय त्याचं?"

इथं बहुतेकांची गाडी अडायची. ज्याला नाव सांगता आलं नाही, त्याला आप्पा शांतपणे म्हणायचे, "जाऊन विचारून या. काच कुठं पळून जालाली?" कोणी चिडून म्हणालंच की नावाचं काय करायचंय, तर ते म्हणायचे, "मला काही न्हाई करायचं. पण नाव आठवलं की माणूस बाकीची उत्तरं खरी देतो."

उदगीरच्या स्टेशनरोडला भुसार दुकानांच्या ओळीत त्यांचं दुकान होतं. दोन्ही अंगांना तूर आणि हरभऱ्याची पोती, हमालांची ये-जा, तागाचा वास, आणि मधेच हे एक चिडीचूप, धूळ नसलेलं दुकान. चष्म्याची, फोटोची, कपाटाची काच तिथं मिळत नसे. मिळायची ती कारखान्यात लागणारी. यंत्राच्या पोटाला आत बघण्यासाठी जी छोटी खिडकी ठेवलेली असते, तिला बसणारी. बॉयलरमधलं पाणी दाखवणारी, टाकीतलं तेल दाखवणारी, भट्टीतला जाळ दाखवणारी. सोलापूरपासून नांदेडपर्यंतच्या गिरण्या, डाळमिली आणि साखर कारखाने त्यांच्याकडं यायचे. समोर सगळे त्यांना आप्पा म्हणायचे आणि पाठीमागं काचप्पा. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही असावं.

कपाळावर भस्माचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग, पांढरा सदरा आणि सदऱ्याच्या खिशात मलमलचं फडकं. मळकी काच त्यांना बघवायची नाही. एसटी कुठं पाच मिनिटं थांबली की हे खाली उतरून ड्रायव्हरसमोरची काच पुसून यायचे. निलंगा मार्गावरचे ड्रायव्हर त्यांना ओळखून होते. ते दिसले की पुढची सीट रिकामी करून द्यायचे.

तरुणपणी त्यांनी हैदराबादेत एका उपकरणं दुरुस्त करणाऱ्या कारखान्यात काम केलं होतं. धंद्यातले त्यांचे शब्द तिथले. चांगल्या काचेला ते 'शफ्फाफ' म्हणायचे, आणि तो शब्द उच्चारताना त्यांचे ओठ असे काही मिटायचे की जणू गूळ विरघळतोय. काही दाखवायचं असलं की मात्र घरची कानडी यायची. "नोडरी," म्हणजे बघा हो, असं म्हणून ते काचेचा तुकडा उजेडाकडं आडवा धरायचे. समोरून नाही, कडेनं. "समोरून सगळ्या काचा सारख्याच दिसतात. कडेनं बगा. हिरवट दिसली तर साधी. पांढरी राहिली तर तापाची, जाळ सोसणारी."

काचेवर एवढा जीव, पण काच विकायची हाव नव्हती. एकदा दूध डेअरीचे लोक आले. दुधाच्या नळीला काच हवी होती, जाड, उत्तम, पैशाची फिकीर नको म्हणाले. आप्पांनी त्यांना प्लास्टिक दिलं.

"आप्पा, तुमच्याकडं येऊन प्लास्टिक नेऊ?"

"काच फुटली तर तिचा चुरा दुधात जाईल. पांढऱ्यात पांढरं, दिसणार बी न्हाई. प्लास्टिकला चरे पडतील, वर्षाला बदला. पण लेकरांच्या पोटात काच जाणार न्हाई."

त्याच आठवड्यात डाळमिलवाला आला, त्याला प्लास्टिक हवं होतं, कारण ते हलकं. त्याला जाड काच दिली. "तूर घासून घासून तुमचं प्लास्टिक महिन्यात आंधळं होईल." दोघांनाही मागितल्याच्या उलट माल मिळाला, आणि दोघेही पुन्हा त्यांच्याचकडं आले.

माझी त्यांच्याशी ओळख झाली ती मी निलंगा तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात नवा नवा इंजिनिअर म्हणून लागलो तेव्हा. मी नांदेडचा, पॉलिटेक्निक झालेला. बॉयलर माझ्याकडं होता. आप्पांकडून काच आणणं म्हणजे एक दिवस जाणार हे मला पहिल्याच खेपेला कळलं. मला शिकायला मिळायचं म्हणून मी जायचो, पण आमच्या मॅनेजरसाहेबांना ते पसंत नव्हतं. "काच आणायला पाठवलंय का शाळेत?" असं ते एकदा सगळ्यांसमोर म्हणाले.

त्याच सुमाराला लातूर जिल्हा झाला. नव्या कचेऱ्यांचे बोर्ड लागले, नव्या लॉजमध्ये ब्रीफकेसवाले विक्रेते उतरू लागले. जिथं तिथं एकच सूर, आता आपण मागं राहायचं नाही. लोक आप्पांना म्हणायचे, दुकान लातूरला हलवा. आप्पा म्हणायचे, "ज्याला काच पायजे तो उदगीरला येतो. ज्याला नुसती घाई पायजे त्याला लातूर जवळ हाय."

असाच एक विक्रेता आमच्या कारखान्यात आला. बॉयलरच्या दोन्ही पाणीदर्शक नळ्यांना लागणाऱ्या चपट्या काचा त्यानं चार दिवसांत आणून दिल्या. प्रत्येक काच वेगळ्या खोक्यात, खोक्यावर छापलेलं की ही उष्णता सोसणारी बोरोसिलिकेट काच आहे. त्यानं मला एकही प्रश्न विचारला नाही. खरं सांगतो, मला बरं वाटलं. कागदावर सही करून मी माल घेतला, आणि आप्पांकडं जाणं बंद झालं.

ते वर्ष दुष्काळाचं होतं. नदी दिवाळीआधीच आटली. कारखान्याला पाणी येत होतं ते खोल बोअरचं, क्षाराचं. ते पाणी बॉयलरला चालावं म्हणून आम्ही त्यात सोडा वाढवत नेला होता. उसाचं म्हणाल तर कांडीकांडीनं बारीक झालेला, उभ्या उभ्या वाळणारा. जो होता तो लवकर गाळून संपवायचा, एवढंच सगळ्यांच्या डोक्यात.

एके सकाळी निलंग्याच्या स्टँडवर मी गाडीची वाट बघत होतो. बाकावर आप्पा बसलेले. मी थोडा ओशाळलो, कारण दोन-तीन महिने त्यांच्याकडं फिरकलो नव्हतो. त्यांनी ते काढलंच नाही. विचारलं ते भलतंच.

"तुमचं पाणी कुठून येऊन राहिलं सध्या?"

"बोअरचं हाय आप्पा."

"सोडा वाढवला असंल."

"वाढवावा लागला."

"आणि काच कुणाची बसवली?"

मी विक्रेत्याचं सांगितलं. समोर उदगीरची गाडी लागली होती, त्यांची पिशवी वर टाकलेली होती. त्यांनी ती खाली घेतली आणि माझ्याबरोबर कारखान्याच्या गाडीत चढले.

बॉयलरपाशी त्या पाळीला महादू नावाचा ऑपरेटर होता. अनुभवी माणूस, चाळिशीचा. दिवसाचे आठ तास तो त्या दोन काचांकडं तोंड करून हातभर अंतरावर बसायचा, कारण बॉयलरमध्ये पाणी किती आहे हे दुसऱ्या कशानं कळत नाही. आप्पांनी त्याला नाव विचारलं आणि म्हणाले, "महादू, काच पुसतोस का न्हाई?"

"रोज पुसतो आप्पा. पण हल्ली धुरकटच राहती. आतून आलंय काईतरी."

आप्पांनी महादूला दंडाला धरून उठवलं आणि बाजूला नेऊन उभं केलं. मग मला म्हणाले, "ह्या काचेची जोडीदार हाय का गोदामात? न बसवलेली?"

गोदामातून खोकं आणलं. त्यांनी काच कडेनं पाहिली आणि माझ्या हातात दिली. कड हिरवट होती. तरी मी म्हणालो, "आप्पा, खोक्यावर तर छापलेलं हाय."

"चला, कॅन्टीनला जाऊ."

कॅन्टीनच्या आचाऱ्याकडून त्यांनी करडईचं तेल मागून घेतलं, स्टीलच्या पातेल्यात, चार बोटं. खिशातून स्वतःच्या दुकानातल्या चांगल्या काचेचा एक तुकडा काढून तेलात सोडला. तुकडा दिसेनासा झाला. मी वाकून पाहिलं. पातेल्यात नुसतं तेल होतं. आप्पांनी बोटं घालून तोच तुकडा बाहेर काढला. मग आमची खोक्यातली काच सोडली. ती तेलाच्या तळाशी स्वच्छ, ठळक, चारी कोपऱ्यांसह दिसत पडून राहिली.

"नोडरी," आप्पा म्हणाले. "तापाच्या काचेतून आणि करडईच्या तेलातून उजेड एकसारखाच वळतो. म्हणून ती तेलात हरवती. तुमची हरवली न्हाई. ही साधी काच हाय, नुसती जाड कापलेली. आणि तुमचं सोड्याचं गरम पाणी तिला आतून रोज खाऊन राहिलं. महादू पुसतो ती धूळ न्हाई. ती काच झिजलेली हाय."

"आता काय करायचं?"

"जाळ काढा. बॉयलर थंड करा. दोन्ही काचा आजच्या आज उतरवा."

मॅनेजरसाहेबांच्या केबिनमध्ये मी हे सांगितलं तेव्हा त्यांनी आधी खिडकीकडं बोट केलं. बाहेर रस्त्यापर्यंत बैलगाड्यांची रांग होती. तोडलेला ऊस उन्हात तासातासाला वजन टाकत होता.

"ह्या लोकांना तुम्ही सांगणार? तेलात काच दिसली म्हणून कारखाना बंद केला असं?"

"साहेब, दोन्ही काचा एकाच मालातल्या हायत. एक बंद करून दुसरीवर चालवावं म्हटलं तर दुसरीचा बी भरवसा न्हाई. दुसरी चांगली काच आपल्याकडं नाही."

"आणि हे कोण?" त्यांनी आप्पांकडं पाहिलं. "ह्यांचा माल बंद केला म्हणून हे आले असतील."

आप्पांचा चेहरा लाल झाला. मला वाटलं ते आता निघून जातील. ते म्हणाले, "साहेब, माझा माल घेऊ नका. लातूरचा घ्या, मुंबईचा घ्या, तपासून घ्या. पण तोवर त्या काचेसमोर तुम्ही खुर्ची टाकून बसा. महादूला मी तिथं बसू देणार न्हाई."

साहेब माझ्याकडं वळले. "जाळ काढलात तर उद्यापासून येऊ नका."

मी सव्वीस वर्षांचा होतो. घरी लहान बहीण शिकत होती, नोकरी लागून वर्ष झालं नव्हतं. पण सही माझी होती. मालाच्या कागदावर मी डोळे झाकून सही केली होती, आणि आता डोळे उघडले होते. मी खाली गेलो आणि जाळ काढायला सांगितलं.

गाडीवाल्यांनी दंगा केला. एकानं माझी गचांडी धरली. महादूनं त्याला सोडवलं आणि सगळ्यांना मोठ्यानं सांगितलं, "मी बसतो तिथं. माझ्यासाठी बंद केलंय." त्यावर ते जरा शमले, तरी शिव्या चालूच होत्या.

बॉयलर थंड व्हायला दुपार टळली. तोवर आप्पा कॅन्टीनच्या ओट्यावर बसून होते, कोणी चहा दिला तर घेत होते, कोणी टोमणा मारला तर तोही. पहिली काच उतरवली. जिथं पाण्याची पातळी कायम राहायची त्या जागी ती नखाएवढी पातळ झाली होती. दुसरीचे बोल्ट सैल करताना फिटरचा पाना नुसता टेकला, आणि काच आडवी चिरत गेली. दोन तुकडे माझ्या पायापाशी पडले.

मॅनेजरसाहेब तिथंच उभे होते. त्यांनी वाकून एक तुकडा उचलला, त्याच्या पातळ कडेवरून अंगठा फिरवला आणि बराच वेळ तो हातात धरून ठेवला. मग म्हणाले, "जीप काढा. आप्पांना उदगीरला घेऊन जा. जे सांगतील ते आणा." माझ्या नोकरीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि माफीही मागितली नाही. पण नंतरच्या काळात महादूच्या पाळीला ते अधूनमधून खाली येऊन उभे राहायचे.

आप्पांनी दिलेल्या काचांना आतल्या बाजूनं अभ्रकाचा पातळ पापुद्रा लावलेला होता. "काच कितीबी चांगली असू द्या, सोड्याचं पाणी तिला आज ना उद्या चाटणारच. मग पाणी तिला लागूच द्यायचं न्हाई. अभ्रकाला त्याचं काही वाटत न्हाई." दुसऱ्या दिवशी दुपारी कारखाना सुरू झाला.

त्या जीपमध्ये मी त्यांना एक विचारलं होतं. माझी खात्री होती की या माणसाच्या आयुष्यात काहीतरी घडलेलं असणार. हैदराबादेत एखादी काच फुटली असेल, कोणी जिवलग भाजला असेल. त्याशिवाय कोणी परक्या महादूसाठी आपली गाडी सोडत नाही.

"आप्पा, तुमच्या डोळ्यांदेखत कधी काही झालं होतं का?"

"काय?"

"अपघात. काच फुटून."

त्यांनी माझ्याकडं नवलानं पाहिलं. "काहीच न्हाई झालं. चाळीस वर्षांत एकबी न्हाई." मग थोडं रागानं म्हणाले, "काहून? काम नीट करायला आधी कोणी मरायला पायजे का?"

त्यानंतर असा प्रश्न मी कोणालाही विचारलेला नाही.

काही वर्षांनी मी हदगावकडच्या एका तेल कारखान्यात गेलो. तिथं सोयाबीनची पेंड वाळवणारा एक बंद ड्रम होता. मालकांनी हौसेनं एक नवं यंत्र आणलं होतं. हातात धरायचं, पदार्थाला हात न लावता लांबूनच त्याची उष्णता सांगणारं. ते ड्रमच्या खिडकीतून आत रोखायचं. पण त्याचा आकडा काही केल्या खरा येईना. आत पेंड करपायची आणि यंत्र सांगायचं, अजून कोमट आहे. खिडकी उत्तम होती, आप्पांनीच सांगितलेली, शफ्फाफ. मी यंत्र पिशवीत घातलं आणि उदगीर गाठलं.

आप्पा तेव्हा सत्तरीला आले होते. दुकान तसंच, फडकं तसंच. मी सगळं सांगितलं. नेहमीप्रमाणे त्यांनी सगळं विचारलं. मग बराच वेळ यंत्र उलटंपालटं करून पाहिलं, आणि जे मी त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं ते म्हणाले.

"मला न्हाई ठाऊक."

मला वाटलं त्यांना वाईट वाटलं असेल. तसं काही नव्हतं. उलट डोळे चमकत होते. दुकानाला कुलूप घालून त्यांनी मला घरी नेलं, काकूंना स्वयंपाकघराबाहेर बसवलं आणि चुलीवर तवा तापत ठेवला. तव्यावर यंत्र रोखलं की आकडा वर चढायचा. मधे काच धरली की धाडकन खाली. साधी काच धरली, तापाची धरली, त्यांच्या कपाटातला जपून ठेवलेला क्वार्ट्झचा तुकडा धरला. ज्यातून तवा आरपार दिसत होता, त्या प्रत्येकातून यंत्र मात्र आंधळं होत होतं.

"म्हणजे हे यंत्र तवा बघून राहिलं न्हाई," आप्पा हळू म्हणाले. "ते काच किती तापली तेवढंच सांगून राहिलं. उष्णतेला काच म्हणजे भिंत."

मग ते घरभर सुटले. पिशवीचं पातळ प्लास्टिक धरलं तर आकडा पुष्कळसा टिकला. तेलाचा कागद धरला, मेणकापड धरलं. काकूंचा चष्मा धरला. काकू म्हणाल्या, "चुलीपाशी आता माझं काय काम उरलं न्हाई. जेवण मागू नका मग." आप्पांना ऐकूच गेलं नाही. फडताळातल्या डब्यातून त्यांनी सैंधव मिठाचा एक काचेसारखा स्वच्छ खडा निवडला. ओल्या फडक्यावर तो दोन्ही बाजूंनी घासला, सपाट केला, कोरड्या मलमलीनं पुसला आणि तवा आणि यंत्र यांच्यामध्ये धरला.

आकडा जवळपास हललाच नाही.

आप्पा खाली बसले. मिठाच्या खड्याकडं बघत हसायला लागले, आवाज न करता, खांदे हलवत. "मीठ! आगं, मीठ! जन्मभर मी काच काच करून राहिलो, आणि उष्णतेची खिडकी तुझ्या डब्यात!"

मी म्हणालो, "मग आमच्या ड्रमला मिठाची खिडकी?"

ते क्षणात दुकानदार झाले. "छे. तुमच्या ड्रममध्ये वाफ हाय. मीठ दोन दिवसांत विरघळंल. पण आता कळलं काय शोधायचं. जे उष्णता जाऊ देतं, पण पाण्याला दबत न्हाई." त्यांनी हैदराबादच्या जुन्या ओळखीच्या माणसाला लिहिलं, आणि दीड महिन्यानं झिंक सेलेनाइडची एक पिवळी चकती आली. तिच्यातून डोळ्यालाही दिसत होतं आणि यंत्रालाही. पेंड करपायची थांबली.

ही गोष्ट इथं संपली असं मी समजत होतो. चकती बसल्याचं सांगायला म्हणून मी उदगीरला गेलो, तर आप्पा बाहेर जायच्या तयारीत.

"बरं झालं आलात. निलंग्याला जायचंय. तुम्ही चला. यंत्राचं मला नीट सांगता येणार न्हाई."

वाटेत त्यांनी सांगितलं. सात-आठ वर्षांपूर्वी निलंग्याच्या एका ओतकाम करणाऱ्या माणसानं त्यांना बोलावलं होतं. त्याच्या भट्टीच्या खिडकीतून उष्णता मोजायला एक मीटर आणला होता आणि तो कायम कमी दाखवायचा. आप्पांनी खिडकीची जाड काच तपासली, स्वच्छ होती, आणि ठामपणे सांगितलं की काच उत्तम आहे, मीटर भंगार आहे.

"मीटर भंगार नव्हता," आप्पा बाहेर बघत म्हणाले. "काच चुकीची होती."

ओतकामाचा कारखाना स्टँडपासून जवळच होता. मालक पन्नाशीचा, जाड मिशांचा. आप्पांना बघून त्यानं हात जोडले, खुर्ची आणली. आप्पा बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं की त्या वेळी आपली चूक झाली. मी मीटरचं दोन वाक्यांत समजावलं.

मालक हसला. "आप्पा, ती भट्टी मोडून बी चार वर्षं झाली. मीटर कुठं गेला ठाऊक न्हाई. तुम्ही ह्याच्यासाठी गाडी करून आलाव?"

"तुमचं नुकसान झालं असंल."

"ते काय, चाललं." मग तो हसायचा थांबला. हातातला पाना त्यानं टेबलावर ठेवला, पुन्हा उचलला. "मीटर माझ्या धाकट्यानं आणला होता. हैदराबादहून. तुम्ही भंगार म्हणलाव, तवा मी त्याला चार माणसांत गाढव म्हणलो. तो म्हणत होता मीटर चांगला हाय. मी ऐकलं न्हाई. त्याच महिन्यात तो वेगळा झाला."

आप्पांनी विचारलं, "कुठं असतो तो?"

"इथंच. उदगीरच्या रस्त्याला वेल्डिंगचं दुकान हाय."

"चला मग."

"मी कशाला?"

"मी माझं सांगीन," आप्पा म्हणाले. "तुमचं तुम्हालाच सांगावं लागंल."

मालकानं चपला घातल्या.

धाकटा भाऊ दुकानासमोर एका लोखंडी दाराचं काम करत होता. तोंडावर मुखवटा होता, त्यामुळं आम्ही जवळ जाईपर्यंत त्याला कळलं नाही. थोरल्या भावाचे पाय आधी दिसले असावेत, कारण ठिणगी थांबली आणि त्यानं मुखवटा सावकाश काढून हातात घेतला. आप्पा पुढं झाले. त्यांनी मघाचंच सगळं पुन्हा सांगितलं, एक शब्द कमी न करता. मीटर चांगला होता. काच चुकीची होती. मला ठाऊक नव्हतं आणि मी ठाऊक असल्यासारखं बोललो.

धाकटा आप्पांकडं बघतच नव्हता. तो भावाकडं बघत होता.

"मी तवाच म्हणलो होतो," तो म्हणाला.

"हाव," थोरला म्हणाला. "म्हणला होतास."

आप्पांनी धाकट्याच्या हातातून मुखवटा हळूच काढून घेतला, मला खुणेनं बाजूला बोलावलं, आणि त्या दोघांकडं पाठ करून मुखवट्याची काळी काच पुसत बसले.